हिवाळ्यात गाई माळावर ठेवायच्या, तर हिशेब आश्विनात करा

प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीला नोकरी आहे, मुरबाड तालुक्यात सरळगावच्या पुढे वडिलोपार्जित पाच एकर आहे. त्यातली दोन एकर भातखाचरं, बाकी तीन एकर वरकस, म्हणजे भात न होणारी उताराची हलकी जमीन. सहा गाई आहेत, चार डांगी आणि दोन गीर-संकरित. कॅनडातले लोक बर्फातसुद्धा गाई रानात ठेवतात, गवताचे गोल गठ्ठे मांडून तिथेच चारतात, हे व्हिडिओत पाहिलं. मग आपल्याकडे तर बर्फही नाही. गोठ्याचा खर्च वाचवून गाई दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत बाहेरच का ठेवू नयेत? जमीन खराब होईल का? चारा कुठून आणायचा? रात्री काय करायचं?

मी धसईच्या बाजूला तीस-एक वर्षं गुरं राखतोय, त्यातली पहिली दहा चुका करण्यात गेली. त्या चुकांतून जे समजलं ते सांगतो.

आधी एक गाठ सोडवू. थंड देशातल्या हिवाळ्यात शेतकऱ्यापुढे दोन अडचणी एकाच वेळी येतात: गवत वाढत नाही आणि जमीन एकतर चिखल होते नाहीतर गोठते. आपल्याकडे या दोन अडचणी वेगवेगळ्या महिन्यांत येतात. आपला चिखल आषाढ-श्रावणात. आपला गवताचा दुष्काळ माघापासून मृगापर्यंत. मुरबाडला डिसेंबर-जानेवारीत पहाटे शेकोटी लागते खरी, पण थंडीने इथल्या गाईला काही होत नाही. दुपारी अकरा वाजता ती सावली शोधत असते. म्हणून तिकडचा सल्ला उचलताना तारीख बघू नका, तो सल्ला चिखलासाठी आहे की गवत संपल्यावरचा आहे ते बघा. एवढं केलंत की निम्मा गोंधळ मिटतो.

जमिनीचं आधी घेतो, कारण तुम्हाला भीती तिथे वाटतेय. हिवाळ्यात वरकसावर गाई फिरल्या तर जमीन खराब होत नाही. कार्तिक संपेपर्यंत माळ वाळून खडखडीत होतो, खूर रुतत नाही. खरं नुकसान होतं ते जूनमध्ये. पहिला पाऊस पडला, माळावर हिरवी लव आली, आणि चार महिने पेंढा खाऊन कंटाळलेली गुरं आपण उत्साहाने सोडली, की खेळ संपला. त्या लवेत गाईच्या पोटात जायला काहीच नसतं. ती दिवसभर हिंडते, कोंब मुळासकट उपटते आणि ओल्या उतारावर खुरांनी गवताचे जुने ठोंब फोडते. वरकसाची माती वीतभर, खाली मुरूम. वर अडीच हजार मिलिमीटरचा पाऊस. फुटलेल्या ठोंबाखालची माती श्रावणापर्यंत ओढ्यात. मी हे स्वतः केलंय. घराच्या मागच्या उतारावर सलग तीन वर्षं मृगातच गुरं सोडली, चौथ्या वर्षी तिथे टाकळ्याशिवाय काही उगवेना. टाकळ्याची भाजी आपण कौतुकाने खातो, गुरं मात्र तोंड लावत नाहीत. ज्या माळावर टाकळा, कुसळी आणि रानमोडी वाढतेय तो माळ तुम्हाला सांगतोय की इथे चराई जास्त झाली. पवन्या, शेडा, मारवेल ही चांगली गवतं दिसत असतील तर तब्येत ठीक. ही ओळख पटवायला प्रयोगशाळा लागत नाही, ऑक्टोबरात म्हाताऱ्या गुराख्याबरोबर एक फेरी मारा.

म्हणून पावसाळ्यात वरकसावर गवत गुडघ्याशी येईपर्यंत गाय जाता कामा नये. तोवर बांधावरचं, नाल्याकडेचं कापून आणून घाला.

खाचरांचं गणित उलटं आहे. तिथे चिखलणी आपण मुद्दाम करतो, खाली घट्ट थर असतोच, तेव्हा खुरांनी जमीन दबण्याची चिंता फार करू नका. चिंता बांधांची. कापणीनंतर ओल असताना गाई एका खाचरातून दुसऱ्यात उड्या मारतात आणि बांध ढासळतात. ते मृगात पुन्हा लिंपायला माणसं कुठून आणणार? नोव्हेंबरात अवकाळी पडला तर चार-पाच दिवस खाचरं बंद ठेवा.

खाचरातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि शहरातून येणाऱ्या मंडळींना ती कुणी सांगत नाही. चपटे जंत. गाईच्या शेणातून अंडी पाण्यात जातात, पाणगोगलगाईच्या अंगात वाढतात, तिथून बाहेर पडून पाण्याच्या कडेच्या गवताला चिकटतात. ते गवत ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाय आवडीने खाते, कारण सगळीकडे वाळत असताना तिथेच हिरवं असतं. जंत यकृतात पोचून मोठे व्हायला तीन-चार महिने लागतात. मग फेब्रुवारीत गाय रोडावते, डोळ्याची आतली कातडी पांढरी पडते, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. मालक म्हणतो चारा कमी पडला, आणि पेंड वाढवतो. माझी एक चांगली डांगी गाय अशीच गेली. मी महिनाभर पेंड चारत होतो आणि जंत तिला आतून खात होते. पशुवैद्यकाकडून चपट्या जंतांचंच औषध घ्या, साधं गोल जंतांचं नको. गाभण कोण, दुधाची कोण, हे त्यांना आधी सांगा. आणि डबकी, पाझर, ओहोळाची कड यांना डिसेंबरपर्यंत काटेरी फांद्या लावून वाट अडवा.

आता चारा. इथे मी थोडा कठोर बोलणार आहे.

तुमच्या गाई सरासरी साडेतीनशे किलोच्या धरल्या तर प्रत्येकीला दिवसाला दहा किलो तरी वाळकी वैरण लागते. सहा गाईंना साठ किलो. नोव्हेंबरच्या मध्यापासून गवत गुडघ्याशी येईपर्यंत, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत, आठ महिने. २४० दिवस गुणिले साठ: साडेचौदा टनांच्या जवळ. आता घरात काय आहे? दोन एकर भात, एकरी आठ-दहा क्विंटल धरलं आणि पेंढा साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त, तर दोन ते सव्वादोन टन. तीन एकर वरकस नीट राखलं तर एकरी टनभर वाळकं गवत, म्हणजे तीन-सव्वातीन टन. विहिरीला पाणी असेल आणि दहा गुंठ्यांत संकरित नेपियर गवत लावलं, तर या आठ महिन्यांत नऊ-दहा टन हिरवा चारा मिळेल. ऐकायला भरपूर वाटतं, पण त्यात ऐंशी टक्के पाणी. वाळक्या हिशेबाने दोन टन. कापणीनंतरचं खाचरातलं खुंट-गवत आणि बांध मिळून महिनाभर निघेल. सगळी बेरीज नऊ टनांच्या आसपास. त्यात चार गाई बसतात, सहा नाही.

दोन गाई विका, किंवा दरवर्षी पाच टन वैरण विकत घ्यायची तयारी ठेवा. पौषी पौर्णिमेला म्हसा गावची यात्रा भरते, गुरांचा बाजार असतो, तिथे लोक नवी जनावरं आणतात. तुम्ही जाल तेव्हा विकायला जा, म्हणजे जुलैपर्यंतच्या सहा महिन्यांची वैरण वाचेल. फेब्रुवारीत गवत संपल्यावर विकायला काढलेली गाय पडत्या भावात जाते.

वरकसावरचं गवत कधी कापायचं हा या सगळ्यातला कळीचा मुद्दा. थंड देशांत काही गवतं अशी आहेत की ती न कापता उभी राखली तरी हिवाळाभर त्यांच्यात पोषण टिकतं. आपल्या गवतांचं तसं नाही. आश्विनात फुलोरा येतो, त्यानंतर पान वाळून झडतं, सगळा जीव बियांत आणि मुळांत उतरतो, आणि मार्गशीर्षात उभी असते ती काडी. फुलोऱ्यात कापलेल्या गवतात जेवढी प्रथिनं असतात त्याच्या निम्मीही या काडीत उरत नाहीत. पण आपल्याकडे नेमकं उशिरा कापतात, कारण दसरा ते दिवाळी सगळे हात भाताच्या कापणीला. भात झोडून झालं की मग गवत. तोवर कुसळांनी सोनेरी दिसणारा माळ फोटोत छान येतो, गाईच्या पोटात काही जात नाही.

यावर माझा उपाय साधा आहे. घटस्थापनेपासून दर तीन-चार दिवसांनी दहा-बारा गुंठे कापायचे. ब्रश कटर असेल तर एका माणसाचं सकाळचं काम. ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवसांत गवत वाळतं. दुपारी एकदा उलटवा, संध्याकाळी ढीग करून ठेवा म्हणजे दंव आत शिरत नाही. काडी वाकवल्यावर कट्कन मोडली की गंजीत टाका. रंग हिरवट राहिला, वास चहाच्या पुडीसारखा आला, तर जमलं. ओलं रचलंत तर आतून तापेल, बुरशी येईल.

कापताना मजुराला एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगावी लागते: मूठभर उंची सोड. भाऱ्यावर पैसे असले की विळा जमिनीला घासूनच चालतो. खालची मूठभर काडी म्हणजे पुढच्या वर्षीच्या फुटव्याचं भांडवल. आणि तीन एकरांतला पाव हिस्सा दरवर्षी बी पडेपर्यंत सोडा, पुढच्या वर्षी दुसरा पाव. सगळंच फुलोऱ्यात कापत राहिलात तर चांगल्या गवताचं बीच माळावर पडणार नाही आणि जागा कुसळीला मिळेल.

त्या व्हिडिओतली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. गठ्ठे रानात मांडून चारण्यामागचा त्यांचा हेतू केवळ मजुरी वाचवण्याचा नाही. जिथे गाय खाते तिथेच शेण-मूत्र पडतं, सांडलेली वैरण जमिनीवर राहते, आणि कस नसलेल्या तुकड्याला खत पोचतं. आपल्याकडे याच्या नेमकं उलट चालत आलंय. माळावरचं गवत, झाडांच्या फांद्या, पालापाचोळा आणि गोठ्यातलं शेण, सगळं खाचरात नेऊन राब भाजायचा, म्हणजे भाताची रोपं टाकण्याआधी त्या जागेवर ते जाळायचं. भाताच्या रोपाला ते मानवतं, पण वरकसातून पिढ्यान्‌पिढ्या नुसतं काढलं गेलं, परत काही गेलं नाही. टनभर गवत नेलंत की आठ-एक किलो नत्र गेलं समजा, पालाश त्याहून जास्त. मग माळ ओसाड झाला तर दोष माळाचा कसा?

आणि ही युक्ती आपल्याला नवी तरी कुठे आहे. भातं निघाली की घाट उतरून धनगर मेंढ्या घेऊन कोकणात येतात, शेतकरी धान्य किंवा पैसे देऊन खाचरात मेंढ्या बसवतो. आज या खाचरात, उद्या त्या. तेच गाईंनी वरकसावर करायचं. डिसेंबर ते मार्च दुपारची वैरण गव्हाणीत न देता माळाच्या सगळ्यात उघड्या, टाकळा माजलेल्या तुकड्यावर पसरा. रोज दहा पावलं पुढे सरका, एका जागी दोनदा नको. बी पडेपर्यंत राखलेल्या पट्ट्याचं गवत मुद्दाम अशा ठिकाणी चारा: गाय खाते, बी सांडतं, खुराखाली दाबलं जातं, वर शेण. जूनमध्ये तिथे पवन्याची रोपं दिसतात. माझ्या त्या टाकळ्याच्या उतारावर चार हिवाळे हे केलं. पूर्ण भरला नाही, पण अर्ध्याहून जास्त जागेवर गवत परत आलं. सौर झटका मशीनची, म्हणजे गुराला हलका विजेचा झटका देणारी, एक तार लावली की तुकडा आखता येतो आणि गुराख्याची दिवसभराची गरज राहत नाही.

पाण्याची टाकी मात्र सतत एका जागी ठेवू नका. गुरं जिथे पाणी पितात आणि रवंथ करतात तिथेच निम्मं शेण टाकतात, हे कोणत्याही आंब्याखाली बघून कळेल.

वणव्याचं विसरू नका. जानेवारीपासून कुठूनही ठिणगी येते. पसरलेली वैरण म्हणजे सरपणच. डिसेंबर संपायच्या आत माळाभोवती दहा-बारा फूट रुंद पट्टा खरवडून साफ करा आणि गंज्या एकाच जागी रचू नका. मी सगळं गवत एका मोठ्या गंजीत रचलं होतं. एका रात्रीत वर्षाची वैरण गेली. तेव्हापासून तीन उडव्या, म्हणजे लहान गंज्या, तीन ठिकाणी.

पेंढ्यावर थोडं सविस्तर, कारण शिमग्यापासून पुढे तुमच्या गाई मुख्यतः त्यावरच जगणार. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं तीन-चार टक्के, सिलिका भरपूर, आणि त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं. नुसता पेंढा खाणाऱ्या गाईचं पोट फुगलेलं दिसतं आणि पाठीची हाडं वर येतात. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया, चाळीस-पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथराने शिंपडून, तुडवून, प्लास्टिकच्या कागदाने हवाबंद करून तीन आठवडे ठेवायचा. पेंढा मऊ होतो, पिवळा-तपकिरी होतो, प्रथिनं जवळजवळ दुप्पट होतात. काढल्यावर तास-दोन तास उघड्यावर पसरून अमोनियाचा वास जाऊ द्या, मग थोडा-थोडा सुरू करा. सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नको. युरियाचं माप डोळ्याने घेऊ नका, वजनकाट्याने घ्या, आणि युरिया घातलेली बादली गुरांच्या वाटेत ठेवू नका. ते पाणी प्यायलेली गाय तासाभरात आडवी होते. हे करायला हाताखालचा माणूस भरवशाचा नसेल तर करूच नका. त्यापेक्षा रोज किलोभर सरकी किंवा शेंगदाणा पेंड द्या. खर्च जास्त, पण तोच पेंढा गाईला जास्त पचतो. सोबत पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण आणि मीठ, हे बाराही महिने.

चारा पुरतोय की नाही ते शेण सांगतं. ऐटदार गोल पो पडत असेल तर ठीक. एकावर एक वड्यांसारखं कोरडं, लांब काड्यांचं शेण दिसलं की प्रथिनं कमी पडताहेत. आठवड्यातून एकदा, शनिवारी गावी गेलात की, आधी शेण बघा, मग गाय.

हिरव्यासाठी लोक बरसीमचं बी आणतात. मी आणू नका म्हणेन. त्याला लांब थंडी लागते, ती ठाणे जिल्ह्यात नाही. ओट नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलात तर एक कापणी चांगली, दुसरी जेमतेम. पाणी असेल तर आफ्रिकन टॉल मका आणि चवळी मिसळून पेरा, सत्तर-पंचाहत्तर दिवसांत कणसात चीक भरताना कापा. पाणी नसेल तर भात कापल्या-कापल्या खाचराच्या ओलीवर वाल टाका. शेंगा घरात, भुसकट गाईला, आणि मुळांनी नत्र खाचरात. नेपियरला डिसेंबरात वाढ मंदावते, पंचेचाळीस दिवसांची कापणी साठावर जाते, तेव्हा घाबरून युरिया ओतू नका. आणि कुंपणाला गिरिपुष्प, शेवगा, पांगारा, शिवण लावा. एप्रिलात माळावर एक हिरवं पान नसतं तेव्हा हाच पाला उपयोगी पडतो. सुबाभूळ चालेल, पण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत.

ऐरोलीहून येता-जाता वाशीच्या बाजारातून भाजीचा कचरा आणायची कल्पना तुम्हाला सुचेलच, सगळ्यांना सुचते. हिवाळ्यात मटारच्या सालांचे ढीग असतात, ती उत्तम. फ्लॉवर-कोबीचा पाला थोडाच. अख्खे बटाटे नकोत, घशात अडकतात. आणि प्रत्येक पोतं जमिनीवर ओतून पिशव्या, सुतळी, रबर वेचल्याशिवाय गाईपुढे टाकू नका. मुरबाडपर्यंतच्या डिझेलचा हिशेब केलात तर मटारही महागच पडेल.

राहिला रात्रीचा प्रश्न. उघड्यावर नको. थंडी हे कारण नाही, बिबट्या हे कारण आहे, आणि गुरं चोरणाऱ्या गाड्या. तुमच्याकडचा डोंगर माळशेजच्या रानाला जोडलेला आहे. मोठ्या गाईला बिबट्या सहसा हात घालत नाही, पण वासरू नेतो. पक्का गोठा नाही बांधलात तरी हरकत नाही; घराजवळ माणसाच्या आवाजात असलेला वाडा करा, सहा-सात फूट उंच, वरून जाळी, वासरांना आतल्या कप्प्यात. उत्तर-पूर्वेकडून पहाटेचं गार वारं येतं, त्या बाजूला पेंढ्याचा किंवा कुडाचा आडोसा पुरे. जमीन उताराची आणि मुरूम टाकलेली असावी. दोन गीर-संकरित गाई दुधावर असतील तर त्यांना पहाटे आधी वैरण, मग दोहन. डांगींना एवढे लाड लागत नाहीत. सकाळी दंव ओसरेपर्यंत, साधारण आठ-साडेआठपर्यंत, सोडू नका, खासकरून खाचराच्या बाजूला: गोगलगाईंच्या ओल्या गवतात पहिलं तोंड तेव्हाच पडतं.